एकोणीस बायांचा एक नंबर

पालीच्या वस्तीवर कडूबाईचा आवाज आधी येतो, कडूबाई मागून. शेळ्या हाकायची पट्टी तीच, नवऱ्याला जेवायला बोलवायची तीच, अन् कानात गुपित सांगायचीही तीच. कोणाचं काय दुखतंय ते वस्ती आधी तिला विचारते, आणि ती ठोकून उत्तर देते.

त्या दिवशी मात्र समाजमंदिरात ती पहिल्या रांगेत गप्प होती. हातात गुच्छ. वस्तीच्या वतीनं तो पुण्याच्या डॉक्टर अमरसिंह सरांना द्यायचा होता. कॅन्सरची तपासणी खेड्यातल्या बायांपर्यंत का पोचत नाही, हा सरांचा अभ्यास.

"एकशे बारा निबंध लिवलेत सरांनी! परदेशात वाचत्यात!" सरपंच अर्जुनराव असे गरजले, जणू सर एकशे बारा मतांनी निवडून आले.

सर उठले. दर चार शब्दांनी चष्मा वर आणि तोंडात 'मूलतः'. "मूलतः, दीड वर्षापूर्वी इथं शिबिर झालं. या मेंढपाळ वस्तीतल्या एकोणीस भगिनी तपासल्या. दोघींना, मूलतः, तातडीनं पुढची तपासणी हवी होती. आमच्या बीडच्या केंद्रातून कितीदा फोन केले! पण लाज, भीती... एकीनंही प्रतिसाद दिला नाही. घरचे तर म्हणाले, अशी बाई इथं राहतच नाही. मूलतः, याच निरीक्षणावर आमचा सर्वांत गाजलेला निबंध उभा आहे."

टाळ्या पडल्या.

कडूबाईशेजारी तिची धाकटी जाऊ वनमाला बसली होती. तिचा हात पदराखाली गेला. शिबिरात हरभऱ्याएवढी असलेली छातीतली गाठ आता लिंबाएवढी झाली होती. "काही निघालं तर फोन करू," असं तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. फोन आला नाही. मग कडूबाईनंच ठोकून सांगितलं होतं, "फोन न्हाई म्हंजी काईच न्हाई. येडे, असतं तर आला नसता का?"

"कोन्त्या नंबरावर केलता फोन?" कडूबाईनं बसल्या जागेवरून विचारलं. धरणापर्यंत ऐकू गेलं असेल.

सरांशेजारी त्यांची मदतनीस संस्कृती उभी होती. शिबिरात नावं हिनंच लिहून घेतली होती अन् फोनही हिनंच केले होते. तिनं टॅब काढून नंबर वाचायला घेतला. अर्ध्यातच मागून बंकट ओरडला, "अगं, त्यो माझा हाय की!"

सगळ्यांच्या माना खिडकीकडं वळल्या. समोर गिरणीच्या भिंतीवर निळ्या रंगात हातभर अक्षरं: शेळी-बोकड खरेदी-विक्री, बंकट, आणि खाली तोच नंबर. शिबिराची नावनोंदणी इथंच, समाजमंदिराच्या ओट्यावर झाली होती. बायांकडं स्वतःचे फोन नव्हते; नंबर दिल्याशिवाय नाव घेत नाहीत म्हटल्यावर पहिल्या बाईनं समोरचा वाचून दिला. बाकीच्या अठरा म्हणाल्या, "आमचा बी त्योच." वस्तीचाच माणूस, निरोप देईल की.

"मला वाटलं फसवनारे हाईत," बंकट हात उडवत म्हणाला. "बोकडाच्या नंबरावर रोज बाया इचारत्यात! ही हाय का, ती हाय का. म्हनलं न्हाई कोनी, ठेव फोन!"

हशा पिकला. कडूबाई हसली नाही. उभी राहिली.

"एकोनीस बायांचा एकच नंबर. अन् एकशे बारा लिवनाऱ्याला एकदा इचारू वाटलं न्हाई, कावून म्हनून?"

"मूलतः, ती नोंदीतली तांत्रिक..."

"मूलतः घाला चुलीत! पुन्याहून सत्काराला येता येतं, बीडहून पालीला निरोप द्यायला येता आलं न्हाई? अन् लाज म्हनं! ही माझी जाऊ तुमच्या डॉक्टरनीफुडं पदर सोडून बसली, तवा लाजली का? लाजलो आमी, अन् नाव झालं तुमचं!"

"कडूबाई, पाव्हने हाईत. बसा," अर्जुनराव म्हणाले.

"तुमी बसा. तुमाला सवय हाय." मग ती सरांकडं वळली. "त्या दोघी कोन?"

"नावं गोपनीय असतात, बाई."

"कोनापसून? ज्यांची हाईत त्यांच्यापसून?"

सरांचा चष्मा घसरला तो तसाच राहिला. संस्कृतीनं त्यांच्याकडं पाहिलंच नाही. टॅबवर बोट फिरवलं.

"सुंदरबाई," ती म्हणाली.

बंकटनं मान खाली घातली. सुंदरबाई गेल्या दिवाळीत गेली. तिला शेवटची आंघोळ कडूबाईनंच घातली होती. अन् 'फोन न्हाई म्हंजी काईच न्हाई' हे तिलाही तिनंच सांगितलं होतं.

"आणि वनमाला."

कडूबाईनं जावेचं मनगट धरलं आणि तिला दारातून बाहेर काढलं. बाहेर सरांची पांढरी गाडी उभी होती. तिनं मागचं दार उघडून वनमालाला आत बसवलं, मग मागोमाग धावत आलेल्या सरांच्या हातात गुच्छ कोंबला.

"हे धरून हितंच थांबा. गाडी बीडच्या दवाखान्यात चाललीय. आजच्या आज."

ड्रायव्हरनं सरांकडं पाहिलं, मग कडूबाईकडं, आणि गाडी चालू केली. कडूबाई जावेशेजारी बसली. संस्कृती पुढं, टॅब मांडीवर.

"मावशी, दवाखान्यात फोन नंबर लागेल. खरा सांगा."

"नंबर नको लिवू," कडूबाई म्हणाली. "वस्ती लिव. अन् निरोप असला तर चालत ये."