मॅडमच्या पिकअपची दोरी

किस्से आणि स्क्रॅपचा डबा सारखेच. रोज कोण काय टाकतंय ते दिसत नाही, शनिवारी बघावं तर डबा भरलेला! इकडे दक्षिणेत, गिंडीच्या आमच्या छोट्या युनिटमध्ये आम्ही मोटरसायकलच्या क्लच-ब्रेकच्या केबल बनवतो. आणि यंदाचे आमचे झाडून सगळे किस्से एका तुटलेल्या केबलचे, तेही आमच्याच मालकीणबाईंच्या पिकअपच्या. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

*

मालकीणबाई म्हणजे मॅडम, तंजावरच्या मराठी घराण्यातल्या, बोलणंही तिकडचं जुन्या वळणाचं. हा पिकअप त्यांच्या वडिलांनी मायदेशी परतणाऱ्या कुठल्याशा गोऱ्या साहेबाकडून घेतलेला. ऑटोमॅटिक गिअरचा, पुढे दोनच सीट. ड्रायव्हरने अ‍ॅक्सिलरेटरवर पाय किती दाबलाय हे गिअरबॉक्सला कळवायला त्यात एक वेगळी केबल असते. तिचंच इंजिनाकडचं टोक तुटलं. गाडी घाईघाईने वरचा गिअर टाकायची आणि चढाला रडायची.

"असाच चालवलात तर गिअरबॉक्स जळेल," मी मॅडमना सांगितलं. मी इथला डिझाइन इंजिनिअर, सांगलीचा शिंदे. जुन्या मॉडेलची केबल बाजारात मिळेना. मग उरलेल्या तारेला मी नायलॉनची दोरी बांधली आणि बॉनेटच्या फटीतून काढून डाव्या खिडकीतून आत घेतली. मॅडमनी पाय दाबला की शेजारच्याने दोरी ओढायची. दोरी माझी, म्हणजे शेजारची सीटही माझीच, असं मी धरून चाललो होतो.

*

पहिल्याच दिवशी कत्तिपाराच्या पुलावर मी दोरी इतकी ताणून धरली की गाडी पहिल्या गिअरमध्ये बोंबलत चढली. उतारावर एकदम सोडली, तर असा धक्का बसला की मॅडमचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला.

त्या शांतपणे म्हणाल्या, "शिंदे, तुम्ही गाडी हांकतां की बैल?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी खरेदी विभागाच्या, तंजावरकडच्याच सेतुमाधवरावांना शेजारी बसवलं. या सेतू सारांना (इकडे 'सर'चा 'सार' होतो) पाना कुठला आणि पक्कड कुठली हे आजही सांगता येत नाही. पण मैलापूरच्या गाण्याच्या सभांमध्ये जन्मभर मांडीवर ताल धरलेला माणूस! इंजिनाचा सूर चढला की दोरी ओढायची, उतरला की सोडायची. मॅडम गुणगुणत परत आल्या. माझ्या पोटात दुखायला लागलं ते तेव्हापासून.

*

दुखण्याला कारण होतं. ओरगडमला आमचं नवं युनिट उघडणार होतं आणि तिथला इन-चार्ज कोण हे ठरायचं होतं. मला ती जागा हवी होती, मनापासून हवी होती. मॅडम दर आठवड्याला तिकडे जायच्या. जाताना शेजारी सेतू सार, येताना शेजारी सेतू सार. मी मशीनच्या मांडणीचा नकाशा घेऊन केबिनमध्ये गेलो की मॅडम म्हणायच्या, "तें वाटेंत बोललों अम्ही."

पुढे मॅडमनी सेतू सारांसाठी चामड्याचे हातमोजे आणले. दोरीने बोट कापू नये म्हणून. मला माझ्या वाढदिवसाला कंपनीचं कॅलेंडर मिळालं होतं, आणि तेही फेब्रुवारीत.

*

एकदा सेतू सारांना ताप आला. माणसाच्या आजारपणाने आनंद होऊ नये हे मलाही कळतं, पण झाला. मी इस्त्रीचा शर्ट घालून, नकाशा काखेत मारून गेटवर उभा राहिलो. ओरगडमची मीटिंग होती.

मॅडम आल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, दोरीकडे बघितलं आणि मीटिंग पुढे ढकलली.

*

मग मी ठरवलं, दोरीच नको. दोरी गेली की सेतू सारांचं काम काय उरतं? रोज जेवणाच्या सुट्टीत मी केबल बनवायला बसलो. आतली तार, बाहेरचं आवरण, टोकाची गुंडी, सगळं स्वतःच्या हाताने. पहिली केबल पाय मोकळा असताना बेतली आणि तोंडघशी पडलो, गाडी वरचा गिअर घेईचना. ही केबल पाय पूर्ण दाबलेला असताना बेतायची असते. म्हणजे मी बॉनेटखाली आणि पॅडलवर दुसरा कुणीतरी. सगळे जेवायला गेलेले. रिकामे होते ते एकटे सेतू सार.

"किती दाबूं?" त्यांनी आतून विचारलं.

"पूर्ण."

"दाबलों."

मी नट आवळला. बाहेर येऊन हात पुसत मुद्दाम सावकाश म्हणालो, "सेतू सार, आता दोरी नको."

"अप्पाडा, बरें झालें," ते खांदा चोळत म्हणाले. "हात भरून येत होता."

ज्याला वाईट वाटावं म्हणून इतका खटाटोप केला, तो खुशाल जेवायला निघून गेला. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

*

दुसऱ्या दिवशी ओरगडमला इन-चार्जचं नाव ठरणार होतं. सकाळी मॅडमनी आवारातच एक चक्कर मारून बघितली. गिअर असे पडले की कधी पडले ते कळलंसुद्धा नाही.

"शिंदे, सोनें केलेंत," त्या म्हणाल्या. मालकीणबाईंच्या तोंडून अख्ख्या नोकरीत असं ऐकलं नव्हतं. मी डावीकडचं दार उघडलं आणि एक पाय आत टाकला.

"थांबा," मॅडम म्हणाल्या. "सेतूचे हात मोकळे झाले की आतां. ओरगडमचे कागद वाटेंत वाचून दाखवील. तुम्ही मागें बसा. केबल नवी आहे, वाटेंत कांहीं झालें तर माणूस हवा."

मी पाय काढून घेतला. टूलबॉक्स घेऊन मागच्या हौद्यात चढलो आणि स्टेपनीवर बसलो. सेतू सार पुढे बसले, त्यांनी दार लावलं. मग खिडकीतून अर्धे बाहेर वाकून त्यांनी नायलॉनची दोरी माझ्याकडे केली. नीट घडी घातलेली होती.

"मागें धरायला कांहीं नाहीं, शिंदे," ते म्हणाले. "ही बांधून धरा."