केबलमध्ये खोबरेल

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण मधला भाग हसण्यासारखा नाही. मी एकदा माझ्या नवऱ्याला जवळजवळ मारलंच होतं. आणि तेही कशासाठी, तर त्यांना जगावंसं वाटावं म्हणून. आता बोला.

आम्हाला लीड्समध्ये तेव्हा बरीच वर्षं झाली होती. हे हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला. ऑक्टोबरात तिथेच त्यांची बायपास झाली. ऑपरेशन उत्तम झालं, असं सगळे म्हणाले. झालं असेलही. पण घरी परत आलेला माणूस मला ओळखू येईना. खिडकीपाशी खुर्ची ओढून बसायचे. जेवा म्हटलं की जेवायचे, झोपा म्हटलं की झोपायचे. एकदा मी आमटी वाढत होते, तर म्हणाले, "ऑपरेशनच्या टेबलावरच संपलो असतो तर तुझे हाल वाचले असते."

मी आमटी वाढत राहिले. असल्या वाक्यावर काय बोलायचं, ते दहावीपर्यंत तरी शिकवत नाहीत.

घरालगतच्या गॅरेजमध्ये त्यांची जुनी मोटरसायकल उभी होती. चांगलीच जुनी, पण ह्यांचा जीव तिच्यावर. तिला एकच खोड होती. मूठ पिळली की वेग वाढायचा, पण सोडली की मूठ मागे यायला तयार नसायची. चिकटून बसायची. आजारी पडायच्या आधी हे म्हणायचे, आतली केबल कोरडी पडलीय, तेल द्यायला हवं. मग ते राहूनच गेलं.

जानेवारीत एका संध्याकाळी खिडकीतून गॅरेजकडे बघत म्हणाले, "ती मूठ राहिलीच."

बस, एवढंच. पण कित्येक दिवसांत ह्यांच्या तोंडून स्वतःहून निघालेलं पहिलं वाक्य होतं ते. मी ठरवलं, ही मूठ आपण सोडवायची.

तेल देण्यात असं काय मोठं शास्त्र आहे? माझ्या माहेरी, कराडला, कुठल्याही कुरकुरीवर एकच औषध होतं. पाळण्याची कडी, दाराची बिजागरी, वडिलांचा गुडघा, सगळ्यांना खोबरेल. तीच बाटली, तेच तेल. इथे माझी बाटली स्वयंपाकघरातल्या रेडिएटरवर उभी असायची. का उभी असायची, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. मला त्या दिवशी पडला नाही.

दुपारी हे झोपल्यावर मी गॅरेजमध्ये गेले. मुठीजवळचं केबलचं टोक सोडवलं. प्लास्टिकच्या पिशवीचा मेंदीच्या कोनासारखा कोन केला, तो केबलच्या तोंडाला रबरबँडने घट्ट बांधला आणि कोमट खोबरेल थेंब थेंब आत सोडलं.

शेजारची पॉलीन डोकावली. "त्याच्या बाइकचं काय चाललंय, लव्ह?"

मी तोंडावर बोट ठेवलं. "त्याला सांगू नकोस हं."

सगळं परत जोडलं. मूठ पिळली, सोडली. टक्कन मागे! पुन्हा पिळली, पुन्हा टक्कन. आयुष्यात माझ्या हातून इतकं चोख काम कधी झालं नव्हतं. तिथेच स्टुलावर बसून मी थोडी रडले.

रात्री कडक थंडी पडली. सकाळी बाहेर सगळं पांढरंफटक. चहा देताना मी ह्यांना सांगितलं.

"तू? मूठ तू सोडवलीस?"

"बघा तरी जाऊन."

हे उठले. स्वतःहून उठले हो. बूट घातले, हेल्मेट शोधलं. डॉक्टरांनी त्यांना कार चालवायला परवानगी दिली होती. अर्थात मोटरसायकलचं आम्ही विचारलंच नव्हतं.

"नुसती गेटपर्यंत नेतो आणि आणतो," म्हणाले.

गाडी सुरू झाली. ह्यांनी मूठ पिळायला घेतली. "जड लागतेय गं."

"नवीन तेल आहे ना," मी म्हटलं. अगदी मेकॅनिकच्या थाटात.

ह्यांनी जोर लावला, मूठ फिरली आणि गाडी निघाली. मग ह्यांनी मूठ सोडली. मूठ मात्र होती तिथेच राहिली. गाडी किंचाळत गेटकडे न जाता पॉलीनच्या कुंपणाच्या झुडपात घुसली. मला दिसत होते ते फक्त दोन बूट. पॉलीन ड्रेसिंग गाऊनमध्ये धावत आली, तिने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. मग जी शांतता पसरली ना, ती मला अजून कधीकधी ऐकू येते.

अँब्युलन्स येईपर्यंत मी एकच वाक्य म्हणत होते. माझ्यामुळे झालं, माझ्यामुळे झालं. हे झुडपातून कण्हत होते, म्हणजे जिवंत होते.

अँब्युलन्समधली बाई समजूतदार होती. "तुमच्यामुळे कसं, लव्ह?"

"मी काल त्यांच्या बाइकला काहीतरी केलं."

"दुपारभर एकटीच गॅरेजमध्ये होती," पॉलीन म्हणाली. "प्लास्टिकची पिशवी घेऊन. मला म्हणाली, त्याला सांगू नकोस." पॉलीन मनाची चांगली आहे. मदतीला कायम पुढे.

"आणि का केलंत असं?"

"मला त्यांचं दुःख बघवत नव्हतं," मी खरं ते सांगितलं. "ते स्वतःच म्हणायचे, मेलो असतो तर बरं झालं असतं."

त्या बाईने आपल्या सहकाऱ्याकडे पाहिलं. मग मला ह्यांच्याजवळ मागे न बसवता पुढे ड्रायव्हरशेजारी बसवलं. मला वाटलं, केवढा हा मान.

हॉस्पिटलात तपासण्या झाल्या. छातीची शिवण शाबूत, हृदय ठीक, बाकी सगळं खरचटणं. मला आत सोडलं तेव्हा हे छताकडे बघत पडले होते. काय म्हणतील या भीतीने मी दाराशीच थांबले.

"कसलं तेल घातलंस?"

"खोबरेल."

ह्यांनी डोळे मिटले. "सुमन, ती बाटली तू रेडिएटरवर का ठेवतेस?"

"थंडीत गोठतं म्ह..."

"गॅरेजमध्ये रेडिएटर आहे?"

मी नकारार्थी मान हलवली.

"शिवणाच्या मशीनचं तेल कपाटात होतं. समोर होतं. मेणबत्ती केलीस तू माझ्या केबलची. आत वात घालून!" हे बोलतच राहिले. माहेरचा उद्धार झाला, पाळण्याची कडीसुद्धा सुटली नाही. इतके महिने गप्प असलेला माणूस भांडत होता आणि मी ओढणीत तोंड खुपसून रडत होते, हसत होते, मलाच कळत नव्हतं. शेवटी दम लागून म्हणाले, "पुढच्या आठवड्यात मी नवी केबल टाकणार. तू गॅरेजमध्ये पाऊल ठेवायचं नाहीस. आणि चहा मिळतो का बघ."

पुढचा आठवडा! ह्या माणसाने किती दिवसांत उद्याचंसुद्धा नाव काढलं नव्हतं.

चहा घेऊन आले तर नर्सने मला अडवलं. फार मऊ आवाजात म्हणाली, "तुम्ही जरा बाहेर थांबा. मला त्यांच्याशी एकट्याने बोलायचंय." पडदा ओढला. पण पडद्याने दिसत नाही, ऐकू तर येतंच की.

"हे सगळ्यांनाच विचारतो आम्ही," ती म्हणाली. "तुम्हाला घरी सुरक्षित वाटतं का?"

सोपा प्रश्न होता. हो म्हणायचं आणि सुटायचं. मी हातात चहा घेऊन उभी. आत हे विचार करत होते. चांगला वेळ घेऊन विचार करत होते.

मग त्यांचा आवाज आला.

"उन्हाळ्यात वाटतं."