टेकडी आळीची दवंडी

हसायचं नाही, असं आधी कबूल करा. मगच सांगतो. कारण ही गोष्ट ऐकली की लोक चहाचा कप खाली ठेवतात, माझ्या तोंडाकडे बघतात आणि म्हणतात, "गुरुजी, तुम्ही? दिसता तर चांगले शहाणे!"

दिसतो. तेवढंच.

तर दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. मी मूळचा खोडाळ्याचा, पण नोकरी जव्हारला. शाळेत मराठी शिकवायचो आणि राहायचो टेकडी आळीत. आळी म्हणजे पंचवीस-तीस घरं, उताराच्या कडेला ओळीनं बसलेली. समोर रस्ता, मागे परडं, परड्याच्या मागे सरळ उतार. उताराच्या तळाला एक पाडा आणि त्या पाड्याची विहीर.

आता एवढं सांगितल्यावर आमचा कचरा कुठं जायचा, ते वेगळं सांगायला हवं का?

कुंडी होती हो. पण ती आळीच्या पार टोकाला. तिथवर चालत जाणार कोण? परड्याच्या कुडावरून हात लांब केला की काम झालं! खाली गेलेला कचरा आपल्याला दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणजे नाहीच. पावसाळ्यात तो सगळा वाहत विहिरीत.

पाड्यावरची सोनीबाई दर पावसाळ्यात वर यायची. साठीची बाई, चढून येता येता धापा टाकायची. ओटीच्या पायरीवर टेकायची आणि म्हणायची, "गुरुजी, आमचे हिरीत तुमचा कचरा येतं. पोरां आजारी पडतात. तुम्ही सांगा ना लोकांना."

मी आळीच्या मंडळाचा सेक्रेटरी. मी म्हणायचो, "सांगतो हं सोनीबाई. मीटिंगला विषय घेतो."

घ्यायचोही! खोटं नाही बोलत. वहीत सुवाच्य अक्षरात लिहायचो, 'कचऱ्याच्या प्रश्नावर सखोल चर्चा झाली.' मग चहा यायचा. अशी तीन वर्षं आम्ही सखोल चर्चा केली.

मग गावात नगरपालिकेचे नवे मुख्याधिकारी आले. उत्साही माणूस. येऊन महिना झाला नसेल, तोच त्यांनी सगळ्या आळ्यांच्या मंडळांना बोलावलं. म्हणाले, "आता घंटागाडी सुरू करतोय. रोज सकाळी दारात येईल. कचरा तिच्यातच द्यायचा. त्या अनुषंगाने रविवारी गाडी फिरवून लोकांना आवाहन करू, मग चौकात छोटी सभा घेऊ. त्या अनुषंगाने दवंडीला कुणीतरी चांगल्या आवाजाचं पाहिजे."

साहेबांना 'त्या अनुषंगाने' म्हटल्याशिवाय पुढचं वाक्यच सुचत नसे.

आमच्या मंडळाचे अध्यक्ष दामूअण्णा ताडकन उठले. "आमचे गुरुजी आहेत की! असला आवाज, शेवटच्या बाकावरचं पोर दचकून जागं होतं!"

मी "छे छे, माझं काय" म्हणालो. पण मनात म्हणालो, अखेर गावाला कळलं.

रविवारी सकाळी नऊ वाजता टेम्पो दारात. ड्रायव्हर काशिनाथ, पोशेऱ्याचा. काही वर्षं भिवंडीला गाडी चालवून आलेला, त्यामुळे बोलणं अर्धं मराठी, अर्धं हिंदी. टेम्पोच्या टपावर भोंगा बांधलेला, बरोबर माझ्या डोक्यावर. माझ्या हातात माईक. माईकला एक बटण. भोंगा देणाऱ्या मंडपवाल्यानं समजावलं होतं, "गुरुजी, एकदा दाबलं की चालू, परत दाबलं की बंद. बस."

मी बटण दाबलं, घसा साफ केला आणि गर्जलो, "टेकडी आळीतील सुजाण नागरिकहो!"

अहो, माझा आवाज माझ्याच डोक्यात असा घुसला की डोळ्यांपुढे काजवे चमकले! भोंगा होता की तोफ? मी घाईघाईनं बटण बंद केलं आणि कान दाबून बसलो.

काशिनाथनं औषधांची पेटी पुढे केली. "गुरुजी, कापूस घाला कानात. मैं भी डालता हूँ लगीन-बिगीन असला की."

मी माईक मांड्यांत घट्ट धरला आणि दोन्ही कानांत चांगले लिंबाएवढे बोळे कोंबले. एकदम शांत वाटलं. आता फक्त काशिनाथ कानाशी ओरडला तरच ऐकू येत होतं.

इथंच घोळ झाला. पण तो मला तेव्हा कळला असता, तर मी तुम्हाला ही गोष्ट कशाला सांगत बसलो असतो?

टेम्पो निघाला. मी बटण दाबून आवाहन करायचो, "बंधूंनो, भगिनींनो, परिसर स्वच्छ ठेवा!" मग बटण दाबून बंद करायचो आणि दम खायचो. शिस्तीत चाललं होतं. पण पहिल्या दोन आवाहनांना कोणी घराबाहेर आलं नाही. मला जरा वाईटच वाटलं.

तेवढ्यात काशिनाथ ओरडला, "गुरुजी, एक बात पूछू? कचरा टाकतो कोण पण?"

बंद करायला मी बटण नुकतंच दाबलं होतं. माईक हातात. म्हटलं, "अरे, कोण टाकत नाही ते विचार! हे घर बघ. दामूअण्णांचं. आमचे अध्यक्ष! मुलीच्या साखरपुड्याच्या थर्माकोलच्या प्लेटा दुपारच्या दुपारी खाली लोटल्या यांनी. पोती भरून! आणि मीटिंगमध्ये छातीवर हात ठेवून म्हणतात, 'स्वच्छता आपल्या रक्तात आहे'!"

दामूअण्णा ओटीवर दाढी करत बसले होते. ते अर्ध्या फेसासकट उभे राहिले आणि दोन्ही हात वर करून मला काहीतरी ओरडू लागले.

"बघ काशिनाथ, अण्णासुद्धा कसे प्रोत्साहन देताहेत!" मी त्यांना हात केला. त्यांनी ब्रश फेकला. मला वाटलं, केवढा हा उत्साह!

आणि काय सांगू, त्या क्षणापासून आळी जागी झाली! दारं उघडली. खिडक्या उघडल्या. बायका पदर तोंडाला लावून ओटीवर आल्या. मला वाटलं, गहिवरल्या. पोरं टेम्पोमागं धावायला लागली. मी आवाहन करताना सगळे गप्प उभे राहायचे आणि मी दम खायला लागलो की हलायला लागायचे. म्हटलं, काय एकाग्रतेनं ऐकताहेत!

"आणि हे कंपाउंडर बापूंचं घर," मी काशिनाथला सांगत होतो. "औषधांच्या रिकाम्या बाटल्या मागे भिरकावतात. गावाला आरोग्य शिकवणारा माणूस!"

बापूंनी खिडकी धाडकन लावून घेतली.

"ऊन लागत असेल," मी म्हणालो.

काशिनाथ स्टिअरिंगवर वाकून हसत होता. "आणि नवे साहेब?"

"साहेब? सोन्यासारखा माणूस. पण घरी बायकोलासुद्धा म्हणत असतील, 'भूक लागली आहे, त्या अनुषंगाने पान वाढ'!"

काशिनाथनं ब्रेकच मारला. डोळे पुसले, पुन्हा गाडी काढली. मग एकदम म्हणाला, "और आपका कचरा, गुरुजी?"

आता प्रश्न सरळ होता. उत्तर मात्र चारचौघांत द्यायचं नव्हतं. म्हणून मी मान खाली घातली, त्याच्याजवळ सरकलो आणि माईक आमच्या दोघांच्या मध्ये धरून हळूच म्हणालो, "कुणाला सांगू नकोस. आमचाही खालीच जातो. सेक्रेटरीच्या घरावर संशय कोण घेणार? आणि आमची ही दर सोमवारी कारल्याची भाजी करते ना, ती मी उपाशी असलो तरी खात नाही. ताट घेऊन परड्यात जातो आणि खाली! तिला वाटतं, चाटूनपुसून खाल्ली. बिचारी दर सोमवारी जास्तच करते."

तेवढ्यात आमचंच घर आलं. बायको दारात, कमरेवर दोन्ही हात ठेवून. मला वाटलं, नवऱ्याचा अभिमान वाटून उभी आहे. मी तिलाही हात केला.

पुढे वळणावर खालचा पाडा दिसला. विहिरीवर दोन बायका पाणी शेंदत होत्या. माझं हसू आपोआप थांबलं. का कोण जाणे, काशिनाथला म्हणालो, "त्या सोनीबाईची मला लाज वाटते रे. तीन वर्षं येते, मी वहीत लिहितो. मागं तिच्या नातवाला सलाईन लावलं होतं. शाळेतून येताना दवाखान्यावरून यायचं माझ्याच्यानं झालं नाही. मागच्या वाटेनं आलो."

काशिनाथ हसला नाही. गाडी मात्र त्यानं हळू केली.

चौकात पोचलो तर ही गर्दी! एवढी माणसं मी बाजाराच्या दिवशीसुद्धा पाहिली नव्हती. मी ऐटीत उतरलो. मनात भाषण तयार. साहेब पुढे आले, मला वाटलं हार घालणार. त्यांनी माझ्या एका कानातला बोळा काढला. मग दुसऱ्या कानातला. मग माझ्या हातातला माईक अलगद घेतला आणि बटण दाबलं. टपावरची घरघर थांबली.

"गुरुजी," साहेब म्हणाले, "तुमचं आवाहन आम्हाला एकही ऐकू आलं नाही."

मी म्हटलं, "अरेरे! मग?"

"बाकीचं सगळं ऐकू आलं."

काही क्षण मला कळेचना. मग एकेक आठवायला लागलं. कापूस कोंबताना माईक मांड्यांत धरला होता. तिथंच बटण एकदा दाबलं गेलं असणार! त्यानंतर मी चालू करायचो तेव्हा बंद व्हायचं आणि बंद करायचो तेव्हा चालू. म्हणजे बंधूंनो-भगिनींनो माझ्या तोंडात, आणि साखरपुड्याच्या प्लेटा साऱ्या गावाच्या कानात!

काशिनाथकडे बघितलं. "अरे, तू तरी सांगायचंस!"

"मेरे को लगा, आप जानबूझके बोलताय!" तो म्हणाला. "म्हटलं, आज गुरुजी एकदम फॉर्मात!"

दामूअण्णा एका गालावर वाळलेला फेस घेऊन, हात उगारून गर्दी कापत येत होते. बापू होते. बायको होती. मी कोणाकडे आधी बघू? जमिनीकडे बघितलं.

तेवढ्यात गर्दीतून सोनीबाई पुढे आली. भोंगा खाली पाड्यापर्यंत ऐकू गेला होता आणि ती चढ चढून आली होती. धाप लागली होती. ती लोकांकडे वळून म्हणाली, "गुरुजीने खरा सांगितला. मोठ्या लोकांचा सांगितला, सोताचे घरचा पण सांगितला. असा कोण सांगतं?"

दामूअण्णांचा वर केलेला हात हळूहळू खाली आला.

"स्वतःचं घरसुद्धा सोडलं नाही गुरुजींनी," साहेब म्हणाले. "त्या अनुषंगाने…" आणि थांबले. सगळा चौक हसायला लागला. साहेबही हसले. म्हणाले, "बरं, अनुषंग राहू द्या. पुढच्या रविवारी सगळे खाली विहिरीवर जाऊ. मी येतो."

मी म्हणत होतो, "अहो, तसं नाही, ते बटण…" पण लोक टाळ्या वाजवत होते. टाळ्यांत बटण कोणाला ऐकू येणार?

आणि खरं सांगू का? दुसऱ्यांदा मी तेवढ्या जोरात बोललोही नाही.

घरी गेलो. ताटात कारलं. सोमवार नव्हता. बायको समोर पाट मांडून बसली आणि शेवटचा घास गिळेपर्यंत उठली नाही.

पुढच्या रविवारी मात्र अख्खी आळी उतारावर. साहेब पँट दुमडून, हातात खोरं घेऊन. दामूअण्णा माझ्याशी बोलत नव्हते, पण घमेली वाहत होते. एका झुडपात पांढऱ्या प्लेटांचा ढीग निघाला. अण्णा त्याच्यापाशी गेले. मग म्हणाले, "माझ्याच आहेत," आणि स्वतः वाकून एकेक वेचल्या. त्यानंतर मला म्हणाले, "गुरुजी, ते पोतं धरा." झालं, बोलणं सुरू झालं.

विहिरीचा गाळ काढला, औषध टाकलं. घंटागाडी रोज यायला लागली आणि खरंच, आळी तिच्यात कचरा टाकायला लागली. आता कुडावरून हात लांब करायची हिंमत कोणाची? उद्या गुरुजी टेम्पोत बसले तर?

आळीत माझा केवढा मान वाढला म्हणून सांगू! धाडसी माणूस, निर्भीड माणूस. मी मान डोलवायचो. पण आत कुठंतरी टोचत राहायचं. शेवटी पाणी निवळल्यावर एका संध्याकाळी मी एकटाच पाड्यावर गेलो. सोनीबाईच्या दारात तिचा नातू उड्या मारत होता. तिनं तांब्याभर पाणी आणून दिलं. "घ्या गुरुजी. आमचे हिरीचा."

मी तांब्या हातात धरला आणि एका दमात सांगून टाकलं, "सोनीबाई, मी काही धाडस-बिडस केलं नव्हतं. मला माईक बंद वाटला होता. चुकून बोललो मी."

ती तोंडाला पदर लावून हसायला लागली. हसता हसता पायरीवर बसली.

"मला ठाऊक आहे, गुरुजी," ती म्हणाली. "माईक चालू आहे ठाऊक असता, तर तुम्ही बोलला असता काय?"

मी पटकन तांब्या तोंडाला लावला. तोंडात पाणी असलं म्हणजे उत्तर द्यावं लागत नाही.