आमच्या घरचा न भागणारा आकडा

घरात एक माणूस जास्त शिकलं, की बाकीच्यांचे किस्से आपोआप साठत जातात. आमच्याकडे शिकलेलं माणूस म्हणजे माझी नात सुप्रिया. खारघरच्या कॉलेजात गणित शिकली. बाकीच्या पोरींना हिरो आवडतात, हिला आवडला आकडा! नऊ लाख नव्याण्णव हजार नऊशे त्र्याऐंशी.

*

पहिल्यांदा जेवताना सांगितलं. "दहा लाखांच्या आतली ही सगळ्यात मोठी मूळ संख्या. एक आणि ती स्वतः सोडली, तर कशानेच भाग जात नाही."

तिचा बाप, माझा थोरला रमेश, घास तसाच हातात धरून बसला.

"कुणालाच वाटे पाडता येत नाय? अशी जमीन पायजे होती गो! भावकी कोर्टात तरी गेली नसती."

*

मी शाळेची पायरी चढले नाही, पण अडाणी असले तरी विचारायचं सोडत नाही. "एवढा आकडा मोजला कुणी?"

"तो मोजायचा नसतो, आजी."

"न मोजताच सांगतेस? मी न मोजता कधी लिंबं पण घेतली नाय!"

*

शेजारची खतिजा ईदचा खुर्मा घेऊन आली, तर तिचीही सुटका नाही.

"खाला, समजा एवढे खजूर आहेत. तुमच्या सात घरांत सारखे वाटले, तर पाच उरतात."

"उरतात कशे?" खतिजा म्हणाली. "घरात पोरं नाय काय?"

*

माझा धाकटा, बबन. जमीन विकली आणि बिल्डर झाला. नंबरातल्या अंकांची बेरीज लाभली नाही, तर तो गाडीसुद्धा घेत नाही. त्याने या आकड्याची बेरीज केली. सत्तेचाळीस. त्याचे अकरा, अकराचे दोन.

"दोन मला लाभत नाय. शेवटचा तीन बदल ना जरा!"

"काका, बदलला तर भाग जाईल. न भागणारा याच्या पुढचा थेट दहा लाख तीन."

बबनने बोटांवर बेरीज केली. "चार? चार चालेल! तोच बुक कर!"

*

सुप्रियाला पुण्याला एम.एस्सी.ला जायचं होतं. ॲडमिशनचा शेवटचा दिवस, आणि रमेशने नेमकी त्याच सकाळी कळंबोलीची स्थळाची मंडळी बोलावली. "लग्न ठरलं का खूळ जाईल," म्हणाला. पोरीचे डोळे रडून सुजलेले. तशीच पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली.

मुलाचे मामा म्हणाले, "आमच्या पोराचं लोखंडाचं दुकान हाय. हिशोबात एकदम पक्का! तुला काय विचारायचं ते विचार, पोरी."

सुप्रियाने आपला आकडा सांगितला. "एक आणि तो स्वतः सोडून, कशाने भाग जातो ते सांगा. सांगितलंत, तर आत्ता होकार देते."

"एवढंच?" मामा हसले.

मुलाने कॅल्क्युलेटर काढला. तिनाने नाही. सातानेही नाही. मामांनी मोबाइल काढला. अकरा झाले, तेरा झाले. पोहे गार झाले. मुलाची आई पदर खोचून पुढे सरकली, "सतराने बघ रे!"

रमेशने एकदा पोरीकडे पाहिलं, एकदा घड्याळाकडे. मग उठला आणि जीपची चावी घेतली.

"तुमचं चालू द्या, सावकाश. आमी बापलेक जरा पुण्याला जाऊन येतो!"