सोपानचा छुपा हल्ला

तुळशीवर हात ठेवून सांगतो, हा किस्सा पहिल्यापासून शेवटपर्यंत खरा आहे. माझ्याकडे तुळस नाही, ती गोष्ट वेगळी. आणि शेवटपर्यंत म्हणजे अगदी शेवटपर्यंत नाही, पण ते तिथे पोचल्यावर बघू. चहा घ्या आधी. असा पचका माझा आयुष्यात दुसरा झाला नाही. म्हणजे झाले पुष्कळ, पण ते मी कबूल करत नाही.

तेव्हा मी बोईसरला एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये होतो आणि सरावलीला भाड्याच्या खोलीत राहत होतो. खोलीत एक खिडकी, एक मोरी आणि एक कॉट. त्या कॉटवर आम्ही दोघं झोपायचो. दचकू नका, एका वेळी नाही. मी दिवसपाळीला, तो रातपाळीला. सकाळी मी गेलो की तो यायचा, संध्याकाळी तो गेला की मी. कॉट बिचारी कधी गार म्हणून पडली नाही. शुक्रवारी कारखान्याला सुट्टी, तेव्हा तरी भेट व्हावी? तर सकाळी पाळी सुटली की हा परस्पर डहाणूला बहिणीकडे.

हा म्हणजे सोपान, सिन्नरकडचा. त्याला मी नीट पाहिला तो एकदाच, किल्ली देताना. बाकी माझी सगळी ओळख त्याच्या टॉवेलशी. टॉवेल हिरवा होता, कायम ओला असायचा आणि स्वभावाने शांत वाटायचा.

एकट्या माणसाने संध्याकाळचं करायचं काय, सांगा बरं? स्टेशनबाहेर काहीतरी खायचं, घरमालकीण हिरामावशीची कोंबडी अंगणात दिसली तर तिची चौकशी करायची, संपला दिवस. कोंबडीसुद्धा फार वेळ थांबायची नाही.

अशात कारखान्यात एक परदेशी मशीन आलं. खोकं उघडलं तर आत मशीन धडधाकट राहावं म्हणून कोंबलेली रद्दी, आणि त्या रद्दीत एक पातळ पुस्तक. इंग्रजी. त्यात राक्षस, गुहा, ढाल-तलवारीवाले वीर. मी ते शर्टात घालून घरी आणलं आणि शब्दकोश लावून वाचलं. तो एक खेळ होता. चार मित्र बसतात, एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतले वीर होतात. पुढे काय घडणार ते फासा ठरवतो. सगळं पुस्तक मला कळलं, फक्त चार मित्र कुठून आणायचे ते त्यात दिलं नव्हतं.

त्यातलं एक प्रकरण मला फार आवडलं. छुपा हल्ला. तुम्ही लपतछपत गेलात आणि फासा तुमच्या बाजूने पडला, तर समोरचा बेसावध. त्याने नुसतं उभं राहायचं, तुम्ही एक वार फुकटात करायचा. वार पाठीमागून असेल तर इजा दुप्पट.

पण आता मला सांगा, एकट्याने बेसावध व्हायचं कसं? चोरही मीच, पहारेकरीही मीच. पहारेकऱ्याला आधीच माहीत की मागून मी येतोय. मी डोळे मिटून पाहिले, पाठ फिरवून पाहिली, चोराची चाल करून मोरीत तोंड धुवून आलो, तेवढ्यात विसरेन म्हणून. छे. स्वतःला काही केल्या मी सापडत नव्हतो.

मग म्हटलं, नाही खेळायला कोणी, निदान डाव तर मांडू. कॉटखालच्या लादीवर खडूने गुहा काढली. चिंचोके म्हणजे पहारेकरी, दारापासून थेट राजाच्या घरापर्यंत; त्या घरात शत्रू शिरला की डाव त्याचा. मधोमध राजा, सोडावॉटरच्या बाटलीचं बूच, आणि राजा कळावा म्हणून त्याला कुंकू लावलेलं. डोंगर हवा होता, तो घरात नव्हता, म्हणून एक सुकलेलं लिंबू ठेवलं. मावशी सुकी मासळी विकायची, तिच्याकडचं बोंबलाचं डोकं आणून त्याचा राक्षस केला. चोर अंधारात दिसू नये म्हणून आगकाडीला काळा दोरा गुंडाळला. झक्कास दिसत होतं. तुमच्या मनात आत्ता जे आलं ना, ते माझ्या मनात तेव्हा यायला हवं होतं. नाही आलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कॉटखाली वाकलो, तर दारावरचा एक पहारेकरी गायब. त्याच्या जागी तांदळाचा एक दाणा.

मी लादीवरच बसलो. अहो, काय सांगू, त्या दिवशी मला पगारवाढ मिळाली असती तरी एवढा आनंद झाला नसता. सोपान खेळत होता! न बोलता, न विचारता, थेट छुपा हल्ला करून त्याने माझा गडी मारला होता आणि स्वतःचा आत घुसवला होता. एवढे दिवस मी ज्याला नुसता टॉवेल समजत होतो, तो पोचलेला खेळाडू निघाला.

मग काय, रोज संध्याकाळी मी जवळजवळ धावतच घरी. रोज एक चिंचोका कमी, एक तांदूळ जास्त. मीही कमी नव्हतो. मी दबा धरणारी तुकडी काढली. थोडे चिंचोके त्याच्या ट्रंकेमागे, थोडे त्याच्या उशीखाली. तिथून त्याच्यावर कोण हल्ला करील असं त्याला स्वप्नातही येणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कॉटच्या चारी पायांभोवती राखेची रेघ. मी पुस्तक काढलं. सापडलं की! मंतरलेलं धुकं. त्यातून जाताना कोणालाच काही दिसत नाही. मी मनातल्या मनात त्याला सलाम ठोकला. इंग्रजी पुस्तक न वाचता हा माणूस नियम कुठून शिकला, एवढं एक कोडं मला पडायला हवं होतं. तेही नाही पडलं.

आता त्याला त्याच्या तोडीचं उत्तर द्यायचं, तर त्याचा म्हणून एक वीर पाहिजे. मी चिंधीची छोटी बाहुली केली. ती सोपानची आहे हे त्याला पाहताक्षणी कळावं म्हणून त्याच्याच टॉवेलचा हिरवा धागा काढून तिच्या कमरेला बांधला. मग फासा टाकला. अगदी प्रामाणिकपणे टाकला. वीर बेसावध. काळ्या दोऱ्याचा चोर तिच्या मागे उभा केला आणि नियमाप्रमाणे पाठीत एक टाचणी खोचली. इजा दुप्पट.

दुसऱ्या दिवशी स्टोअरमध्ये माझं लक्ष कशातच नव्हतं. तो आत्ता वाकला असेल, आत्ता त्याने पाहिलं असेल, आत्ता हसला असेल.

संध्याकाळी आलो तर सोपान खोलीबाहेर पायरीवर बसलेला. शेजारी ट्रंक. थोडी दूर हिरामावशी, पदर तोंडाला लावून. मला बघून तो उठला आणि हळूच म्हणाला, "भाऊ, माझं काय चुकलं ते तरी सांगा. माझ्या आईला मी एकटाच आहे."

मी मावशीकडे पाहिलं. ती म्हणाली, "आमाला सगलं ठावं हाय. त्यानं कॉटखाली बघलं आन माझ्याकडं आला रडत. मीच त्याला मासवणच्या भगताकडं नेला. भगत बोलला, रोज एक बी उचल, तिथं मंतरलेला तांदूल ठेव. राख घाल. आन ज्यानं केलं त्याच्याशी बोलू नको, त्याला दिसू पन नको."

मी पुस्तक आणून दाखवलं, फासा दाखवला, चित्रं दाखवली. आधी सोपानचा विश्वास बसेना. मग त्याने बाहुली हातात घेऊन उलटीपालटी केली, टाचणी उपसली आणि खो खो हसायला लागला. मावशीने आमच्या दोघांच्या डोक्याचा उद्धार करत चहा टाकला. सोपानने त्या दिवशी पाळीला दांडी मारली. लादीवर मांडी घालून बसला आणि विचारलं, "मग सध्या मी हरतोय का जिंकतोय?" आम्ही खेळत बसलो, आणि मावशी कॉटवर बसून दोघांनाही चुकीचे सल्ले देत राहिली.

झाला किस्सा. हसलात ना? बरं झालं.

आता तो खोटा भाग. मी पायरीपाशी पोचलो, तिथपासून.

म्हणजे मासवणचा भगत खरा, तांदूळ खरे, राख खरी. पण मी आलो तेव्हा पायरीवर कोणी नव्हतं. ट्रंक गेली होती, टॉवेलची दोरी रिकामी होती. सोपान दुपारीच निघून गेला होता. मावशीने हे सगळं मला अंगणाच्या टोकाशी उभं राहून सांगितलं, आणि "माझं काय चुकलं?" हे त्याने मला नाही, तिला विचारलं होतं. मी पुस्तक दाखवायला पुढे झालो तर ती मागे सरकली. चहा तर लांबच. भगताने बोलू नको म्हटलं होतं, ते सोपानने शेवटपर्यंत पाळलं.

कारखान्यात विचारलं, तर काम सोडून गेला म्हणाले. डहाणूची बहीण कुठे राहते ते मी त्याला कधी विचारलंच नव्हतं. विचारणार कधी? तो झोपलेला, नाहीतर मी झोपलेला.

त्या रात्रीपासून पूर्ण कॉट माझी एकट्याची. आणि खरं सांगू का, या वेळी अगदी खरं, तो जिंकला होता हो. त्याचा तांदूळ राजाच्या घरात येऊन बसला होता. नियमाप्रमाणे डाव त्याचा. एवढंच त्याला कळवायचं राहून गेलं.