रखमाजीची सोंड

केदारखेड्यात रखमाजी भित्रा म्हणून नावाजलेला होता. सापाचं सोडा, तो सापाच्या कातीलाही वळसा घालून जायचा. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तो याच्या पाठी बहुधा मुक्कामालाच असावा. गाव त्याला पोटभर हसलं. मला मात्र हसवत नाही, कारण त्याच्या भीतीला कारण होतं आणि ते त्याच्याच अंगणात, जमिनीखाली होतं.

ते त्यांच्या घरचं पेव. निजामाच्या अमलात आमच्याकडे ज्वारी पेवातच ठेवत. पांढऱ्या घट्ट मातीत रांजणासारखा पोट सुटलेला खोल खड्डा, आत कडब्याचं अस्तर आणि तोंड एका माणसापुरतं. सुगीत भरायचं, दगड ठेवून लिंपायचं आणि पावसाळ्यात घरातली ज्वारी संपली की उघडायचं. पण बंद पेवात हवा मरते. तिला वास नाही, रंग नाही. उतरलेला माणूस गुंगी येऊन खाली बसतो, तो बसतोच. म्हणून पेव दिवसभर उघडं टाकत, कंदील सोडून पाहत, आणि उतरणाऱ्यानं कमरेला दोर बांधून सारखं गात राहायचं असा रिवाज होता. आवाज थांबला की वरच्यांनी ओढायचं. पहिलं उतरायचं ते मात्र घरच्याच माणसानं. दुसऱ्याच्या लेकराला आधी मरणाच्या तोंडी कसं द्यायचं?

रखमाजीचा बाप असाच उतरला होता. गळा गोड, भजनात त्याचा मान पहिला. एक अभंग संपला आणि दुसरा सुरू होईना. वरची माणसं दोर धरून उभी राहिली. बुवा दम घेत असतील, आता पुढचा धरतील, असंच सगळ्यांना वाटलं. भजन म्हणणाऱ्याला मध्येच ओढायचं तरी कसं? लहानगा रखमाजीही कान देऊन पुढच्या अभंगाची वाट पाहत होता. तेव्हापासून घरात कुणी बोलता बोलता थांबलं तरी त्याच्या छातीत धस्स व्हायचं.

पुढं कैक वर्षं चुलता श्रीपती उतरत राहिला. मग श्रीपतीनं अंथरूण धरलं, आणि घरात उतरण्याजोगा एकटा रखमाजी उरला. उतरल्याशिवाय गत नाही आणि उतरायची तर छाती नाही, या कात्रीत त्याचं डोकं चालायला लागलं. निधड्या छातीच्या माणसाला असलं काही सुचत नाही, त्याला गरजच पडत नाही. रखमाजीनं लोहाराचा जुना भाता आणला. भात्याला वेळू जोडला, तो चिरला. कापडाची नळी शिवली, तिच्यातून वारा वाटेतच पळाला. शेवटी विहिरीच्या मोटेवर नजर गेली. मोटेच्या जुन्या चामडी सोंडा त्यानं एकीला एक शिवल्या आणि सांध्यांना मेण चोपडलं. ज्या सोंडेतून वर आलेलं पाणी काठावरच्या थारोळ्यात पडायचं, तिच्यातून आता वारा खाली जाणार होता. बायको झुंबरबाई भाता हाणी आणि तो दुरूनच, रिकाम्या पेवात सोडलेला कंदील टिकतो का बघे. लोक विचारायचे, सोंड तर झाली, गणपती कधी बसवता?

त्या श्रावणात पेव उघडायच्या दिवशी झुंबरबाईचा भाऊ भुजंग परतुराहून आला होता. अंगानं दांडगा, बोलायला त्याहून दांडगा. कंदील सोडला तो खाली झकास जळत राहिला. रखमाजी म्हणाला, आधी सोंड सोडू, भाता हाणू, मंग बघू. भुजंग हसला. दाजींच्या नादी लागलो तर दिवाळीला भाकर मिळंल, म्हणाला, आणि दाजींऐवजी आपणच उतरला.

धोका कंदिलानं दाखवला नाही. ज्वारी तोंडातून ओतलेली असते, म्हणून मधोमध तिचा ढीग उंच राहतो आणि कडेला खोलगट. कंदील ढिगाच्या माथ्यावर होता. मेलेली हवा भिंतीकडे, खाली साचून बसली होती. भुजंग गात गात भिंतीकडची ज्वारी भिजली का बघायला गेला. दोर पुरेना, म्हणून त्यानं तो सोडला. ओवी अर्ध्यातच तुटली.

वरच्यांनी लगेच ओढलं. दोर मोकळाच वर आला.

कुणी पुढं होईना. मिशीला पीळ देणारे दोन पावलं मागं सरले. झुंबरबाईनं हंबरडा फोडला नाही, ती भात्याशी जाऊन बसली आणि तिनं नवऱ्याकडे पाहिलं. पळून जावं असं रखमाजीला मनापासून वाटत होतं. पण ती खालची शांतता त्याच्या ओळखीची होती, आणि तिच्याजवळ नुसतं उभं राहणं त्याहून भयंकर होतं. त्यानं सोंडेचं तोंड गळ्याशी बांधलं, कमरेला दोर बांधला, दुसरा दोर हाती घेतला आणि उतरला.

गायला म्हणून तोंड उघडलं, तर एक अभंग आठवेना. आतून आला तो एवढाच आवाज:

"भेव वाटून राह्यलं वो... मला लई भेव वाटून राह्यलं..."

तेच, पुन्हा पुन्हा. वर कुणी हसलं नाही. झुंबरबाई भाता हाणत होती आणि तो रडवेला आवाज देवाच्या नावासारखा ऐकत होती. खाली त्याला भुजंगचा पाय लागला. त्यानं भुजंगच्या काखेतून दोर घातला, गाठ मारली, आणि मेहुणा श्वास घेत नाही असं वाटून सोंड आपल्या गळ्यातून काढून त्याच्या तोंडाशी धरली. "भेव वाट..." एवढंच वर आलं.

या वेळी कुणी पुढच्या शब्दाची वाट पाहिली नाही.

"वढा," झुंबरबाई म्हणाली. "दोघांला वढा."

दोघं वर आले. भुजंग ओकला आणि डोळे उघडून बघायला लागला. रखमाजी मातीत पालथा पडून किती तरी वेळ थरथरत होता.

पुढच्या श्रावणात सोंड सोडून, भाता लावून भुजंग पुन्हा उतरला. स्वतःहून मागून घेतलेला मान होता तो. गावानं कान टवकारले, आता गडी काय गातो म्हणून. खालून बारीक आवाज आला.

"दाजी, भेव वाटून राह्यलं."

रखमाजीनं दोर घट्ट धरला.

"वाटू दे," तो म्हणाला. "थांबू नको फकस्त. बोलत राह्य."