सासूबाईंची मंडळी

माझ्या सासूबाई सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस होत्या. लग्न झाल्यापासून सहा वर्षं मी मात्र लोकांना सांगत आलो की त्या 'पाण्याच्या खात्यात' आहेत. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवतो, आणि नाकाने कांदे सोलण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

त्या आठवी शिकलेल्या. एकतीस वर्षं रोज सकाळी त्या हवा सोडायच्या टाकीतलं चॉकलेटी पाणी काचेच्या उंच मोजपात्रात भरायच्या, खिडकीत ठेवायच्या आणि गाळ खाली बसायला किती वेळ लागतो ते बघायच्या. मग त्यातला एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली. गावाची घाण खाऊन पाणी साफ करणारे ते जीव, त्यांना त्या 'मंडळी' म्हणायच्या. "आज मंडळी नीट जेवली नाहीत," असं त्या ताटावर बसल्यावर सांगायच्या, आणि माझा घास घशातच अडकायचा.

एका सुट्टीच्या दिवशी त्या चष्मा घरी विसरल्या. बायकोने तो माझ्या हातात कोंबला. नाकाला रुमाल लावून मी पहिल्यांदाच त्या प्रयोगशाळेत पाऊल टाकलं.

"या जावईबापू. दहावा ग्रह आज इकडे कसा वळला?" चष्मा लावत त्या म्हणाल्या, पण चेहऱ्यावर हसू नव्हतं. समोरच्या काचेच्या नळीतलं पाणी तपासणीचं औषध टाकताच गडद पिवळं झालं होतं. म्हणजे अमोनिया. तीन दिवस तो वाढत होता, आणि इथून बाहेर पडलेलं पाणी थेट तळ्यात जात होतं.

केंद्राचे तरुण इंजिनियर बाजूलाच उभे होते. त्यांनी टाकीत हवा फुंकणारे दोन्ही ब्लोअर पूर्ण जोरात सोडले होते. "हवा कमी पडतेय, मावशी. दुसरं काय?"

"हवा रगड आहे, साहेब. पाणी आंबट झालंय." त्यांनी मीटर दाखवला. पीएच सहा पॉइंट एक.

हे तर मी दरवर्षी फळ्यावर लिहीत होतो. जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात, त्यात आम्ल तयार होतं. पाण्यातला क्षार ते आम्ल मारतो. क्षार संपला की पाणी आंबट होतं आणि जिवाणू काम टाकतात. जितकी हवा जास्त, तितका क्षार लवकर संपणार.

"मग चुना मागवतो," साहेब म्हणाले. "चार दिवसांत येईल."

"चार दिवसांत मासे मरतील," सासूबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून हळूच बोलल्या, "अकरा वर्षांपूर्वी मेले होते. टोपल्या भरभरून उचलले आम्ही. आकडा मी आदल्या दिवशीच बघितला होता. पण मला काय कळतंय, म्हणून गप्प बसले."

त्यांचा आवाज साधाच होता. मलाच कुठे बघावं कळेना.

त्यांनी खिडकीतलं सकाळचं मोजपात्र पुढे ओढलं. खाली बसलेला गाळ आता चक्क वर येऊन तरंगत होता, त्याला बारीक बुडबुडे चिकटले होते. "हे फार वेळ ठेवलं की असं होतं. सगळे म्हणतात, बिघडलं, ओतून द्या. मी आज ओतलं नाही." मीटर त्यात बुडवला. सहा पॉइंट पाच. "काही घातलेलं नाही यात. फक्त हवा नव्हती."

मी मोजपात्रावर वाकलो. हवा संपली तेव्हा त्याच गाळातल्या दुसऱ्या जिवांनी नायट्रेटमधला प्राणवायू ओढून श्वास चालू ठेवला होता. त्या उलाढालीत गेलेल्या क्षारापैकी जवळजवळ निम्मा पाण्याला परत मिळतो. आणि उरलेला नायट्रोजन? तोच तर बुडबुड्यांतून वर निघाला होता. कधीतरी तो हवेतच होता. तिथून कुठल्यातरी शेंगेच्या मुळात, मग कुणाच्या ताटात, रक्तात, हाडामांसात, मग मोरीत, गटारात आणि इथे. आता पुन्हा हवेत. मी नाकावर रुमाल धरून उभा होतो, आणि माझ्या प्रत्येक श्वासातला तीन चतुर्थांशाहून जास्त वाटा अशाच मंडळींनी युगानुयुगं हवेत परत धाडलेला होता. वीस वर्षं शिकवून मला हे माहीत होतं, दिसलं मात्र त्या दिवशी. मी रुमाल खिशात घातला.

"दीड तास हवा बंद, दीड तास चालू," सासूबाई म्हणाल्या. "ढवळणारे पंखे तेवढे चालू ठेवू."

"आणि सगळं मेलं तर?" साहेबांनी विचारलं. "नवे जीव वाढवायला तीन आठवडे लागतात, मावशी. जबाबदारी कोणाची?"

"माझी. आणा ती नोंदवही."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "त्यांचं रसायन बरोबर आहे," मी म्हणालो. सासूबाईंनी वहीत सावकाश, गोल अक्षरांत लिहिलं आणि खाली सही केली.

ब्लोअर थांबले तसा कानात दडा बसल्यासारखं वाटलं. आम्ही टाकीच्या कठड्याशी उभे राहिलो. तासाभराने, तापत्या दुधाच्या कडेला येतात तसे बारीक बुडबुडे पाण्यावर फुटू लागले. "जेवताहेत," सासूबाई पुटपुटल्या.

त्यानंतर शाळा सुटली की मी रोज तिकडे जाऊ लागलो. चौथ्या दिवशी चुना आला, तेव्हा नळीतला पिवळा रंग जेमतेम दिसत होता. सासूबाईंनी नळी तीनदा उजेडात धरली, मग पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "चला, तळ्यावर जाऊ."

पाणी तळ्यात पडत होतं तिथे एक म्हातारा गळ टाकून बसला होता. त्याच्या बादलीत दोन मासे फडफडत होते. त्याने आम्हाला न्याहाळलं आणि मला विचारलं, "या बाई कोण?"

"माझ्या सासूबाई," मी म्हणालो. "गावाचं सांडपाणी साफ करतात. हे मासे त्यांच्यामुळे जिवंत आहेत."

सासूबाई बादलीकडेच बघत राहिल्या. सहा वर्षं त्यांनी ताकास तूर लागू दिली नव्हती.

"का हो जावईबापू," त्या म्हणाल्या, "पाण्याच्या खात्यातून काढलंत वाटतं मला?"